सेवेचे शिक्षण : नागपाड्यापासून न्यू मरीन लाइन्सपर्यंत

सेवाच करावयाची तर त्यासाठी महाविद्यालयात जाऊन पदवी कशाला घ्यावी, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांतून अजूनही विचारला जातो. मुलगी परिचारिका होणार म्हटले की घरात आनंद होतो. मुलगा अभियंता होऊन आखाती देशात निघाला की पेढे वाटले जातात. परंतु एखादीने समाजकार्याची पदवी घ्यावयाची आहे किंवा समुपदेशन शिकावयाचे आहे असे सांगितले, की आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ‘दुसऱ्याला मदत करायला मन लागतं गं, डिग्री कशाला?’ असे आजी म्हणते. आजीचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजण्यास युक्तिवादापेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो. आणि या इतिहासाचा फार मोठा भाग आपल्या मुंबईतच घडलेला असल्याने तो येथे जरा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पवित्र शास्त्राचे वाचन करणाऱ्यांस प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय परिचित आहे. यरुशलेम येथील आद्य ख्रिस्तसभेत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषिकांनी कुरकुर केली. ती मंडळी एकमेकांवर प्रेम करीत नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. त्यांनी तर आपली मालमत्ता एकत्र केली होती. तरीही कोणाच्या तरी वाट्याला भाकरी येत नव्हती. प्रेषितांनी यावर प्रवचन दिले नाही. त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितली आणि ती निवडताना चांगला लौकिक, पवित्र आत्मा व शहाणपण या गोष्टी पाहण्यास सांगितले. या यादीतील शहाणपण हा शब्द आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो.

सोळाशे वर्षांनंतर फ्रान्समध्ये हाच प्रसंग जणू पुन्हा घडला. १६१७ साली संत विन्सेंट डी पॉल शातियों या गावी धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सापूर्वी त्यांना कळले, की गावाबाहेरील एका घरात सारेच आजारी पडले असून त्यांना पाणी द्यावयासही कोणी उरलेले नाही. त्यांनी प्रवचनात ही हकिकत सांगितली आणि दुपारी अर्धे गाव अन्न घेऊन त्या घराकडे निघाले. संत विन्सेंट स्वतः तेथे गेले तेव्हा अन्नाचा एवढा ढीग झाला होता, की पुष्कळसे नासून जाणार होते. आणि चार दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार होते. दया विपुल होती, तिला व्यवस्था नव्हती. त्याच वर्षी त्यांनी गावातील स्त्रियांचा एक दयासंघ उभारला आणि त्याची नियमावली लिहून काढली. ती नियमावली फार बोलकी आहे. आजाऱ्याला आनंदी मुद्रेने अभिवादन कसे करावे, त्याच्या बिछान्यावर जेवणाची मांडणी कशी करावी, हे तीत आहे. ज्यांच्याजवळ घरचे कोणी आहे अशा रुग्णांपासून फेरीस प्रारंभ करावा व जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्यांच्यापाशी अधिक वेळ बसता येईल, असेही त्यांनी नमूद केले. हा क्रम कोणालाही आपोआप सुचत नाही. पुष्कळ घरे हिंडल्यावर, हिंडलेल्याचा विचार केल्यावर आणि तो विचार दुसऱ्याला शिकविता येईल अशा रीतीने लिहून ठेवल्यावरच तो हाती लागतो. समाजकार्याची विद्या म्हणतात ती याहून फार वेगळी नाही.

पुढील दोन शतकांत कारखान्यांची शहरे उभी राहिली आणि दारिद्र्याचे रूप पालटले. १८३३ साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह गरिबांच्या घरी जाऊन भेटण्याचा जो उपक्रम सुरू केला, तोच आज आपल्या धर्मग्रामांतील संत विन्सेंट डी पॉल सोसायटी होय. लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री भागात सॅम्युएल बार्नेट या अँग्लिकन धर्मगुरूने १८८४ साली ‘टॉयन्बी हॉल’ स्थापिला. विद्यापीठातील तरुणांनी गरीब वस्तीत राहावयास यावे, शेजारी म्हणून राहून तिचे प्रश्न समजून घ्यावेत, ही त्यामागील कल्पना होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जेन ॲडम्स यांनी १८८९ साली शिकागोत ‘हल हाउस’ काढले. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला आणि दानधर्माच्या कामाला प्रथमच शाळेचे रूप आले. मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. वैद्याने नाडी पाहावी तशी समाजसेवकाने प्रथम परिस्थितीची नीट तपासणी करावी आणि मगच उपाय सुचवावा, हे त्या ग्रंथाचे सूत्र होते.

आपल्याकडे हे सारे गोऱ्या लोकांनी आणून दिले, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासद होणाऱ्यास पाच वर्षांची उमेदवारी ठेवली होती. देशसेवेसाठी पाच वर्षे शिकावे लागते, हे एका मराठी माणसाने टाटांच्या शाळेपूर्वी तीस वर्षे ठरवून टाकले होते! आपल्या गुरुविद्यालयांतील दीर्घ प्रशिक्षणाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना गोखल्यांच्या या अटीचे मर्म सहज कळेल. त्याच समाजाचे एक सभासद नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे लीगने हाती घेतली आणि स्वयंसेवकांना शिकविण्याची गरजही तिने लवकरच ओळखली. पुण्यात रमाबाई रानडे यांची सेवासदन संस्था स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षण देत होती. भूमी नांगरलेली होती.

या भूमीत १९२५ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ आले. ते शिकागो विद्यापीठात शिकलेले प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते आणि अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले होते. हे मिशन मराठी वाचकांस अपरिचित नाही. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे जनक तेच. मॅन्शार्ट यांनी १९२६ साली भायखळ्याजवळ नागपाडा येथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू केले. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती अशा नाना धर्मांचे लोक तेथे दाटीवाटीने राहत; कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर होता. या वस्तीत त्यांनी वाचनालय, दवाखाना, खेळ, वर्ग आणि व्याख्याने सुरू केली. हे घर शेजाऱ्यांचे असावे, तेथे येणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये आणि सेवेचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून करू नये, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. एका मिशनरीने मिशनच्या पैशावर चालविलेल्या कामात असा नियम पाळणे त्या काळी सोपे नव्हते. आमच्या मते त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच होय. कारण ज्याला मदत करावयाची त्याला आपल्या हेतूसाठी वापरावयाचे नाही, हा पुढे या व्यवसायाचा पहिला नियम ठरला.

नागपाड्यात काम करताना एक उणीव त्यांना सतत जाणवत होती. मनापासून काम करणारी माणसे मिळत, पण शिकलेली मिळत नसत. सर दोराबजी टाटा १९३२ साली निधन पावले व त्यांची संपत्ती त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीकडे गेली. त्या पैशाचा विनियोग कसा करावा याविषयी विश्वस्तांनी मॅन्शार्ट यांचा सल्ला घेतला. नुसते दान वाटण्याऐवजी दान योग्य ठिकाणी पोहोचविणारी माणसे घडवावीत, असा त्यांचा सल्ला होता. तो मान्य झाला आणि १९३६ साली नागपाड्याच्या त्याच घरात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उघडले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. भारतातील समाजकार्याचे हे पहिले व्यावसायिक विद्यालय. शिकागोच्या पदवीधराने पारशी दात्याच्या पैशातून, मराठी मिशनच्या वास्तूत ते सुरू केले आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच विद्यार्थ्यांपुढे नागपाडा उभा होता. पुस्तकात वाचलेले त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीत तपासून पाहावे लागे. १९४४ साली या विद्यालयास ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ हे नाव मिळाले, १९५४ साली ते देवनारला गेले आणि १९६४ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

विद्यालयाने आरंभापासून शिकविण्याबरोबर काम करण्याचाही परिपाठ ठेवला. १९३७ साली त्याने बालमार्गदर्शन केंद्र काढले. हूड, खोडकर, शाळा चुकविणारे, अंथरूण ओले करणारे मूल हे छडीचे प्रकरण नसून समजून घेण्याचे प्रकरण आहे, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईला नवी होती. (आजही काही घरांना ती नवीच आहे.) १९४६ साली जे. जे. रुग्णालयात प्रथमच वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या घरची चूल पेटते की नाही हे विचारावयास सवड नसते. ते विचारणारा माणूस रुग्णालयातच हवा, हे त्या नेमणुकीने मान्य झाले. आज मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेलेल्या आपल्या वाचकांनी समाजसेवकाचे टेबल पाहिलेले असेल. औषधासाठी कोणत्या निधीकडे अर्ज करावा, घरी सोडल्यावर रुग्णाकडे कोण पाहील, हे त्या टेबलाशी ठरते.

या विद्येवर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी गैरलागू नव्हती. अमेरिकेत एकेका व्यक्तीला समोर बसवून तिच्या अडचणींची उकल करण्याची जी पद्धत वाढली होती, ती येथे जशीच्या तशी शिकविली जाते, असे टीकाकार म्हणत. जेथे अवघा गाव दुष्काळाने पोळला आहे, तेथे एकेका माणसाची कैफियत ऐकून काय होणार? गांधीजींच्या विधायक कार्यक्रमातील कार्यकर्ते खेड्यात राहून सूत कातीत होते. त्यांना हे शहरी, इंग्रजी शिक्षण परके वाटे. मॅन्शार्ट १९४१ साली संस्था सोडून गेल्यावर डॉ. जे. एम. कुमारप्पा हे संचालक झाले. ग्रामोद्योगाचे प्रवर्तक जे. सी. कुमारप्पा यांचे ते बंधू. एका ख्रिस्ती घरातील दोघे भाऊ, एक वर्ध्याच्या वाटेने गेला आणि दुसरा मुंबईच्या. हा वाद जणू एकाच घरात नांदत होता! पुढे दीर्घकाळ संचालक राहिलेल्या डॉ. मा. स. गोरे यांच्या पिढीने सामाजिक परिस्थिती बदलणे हेही या व्यवसायाचे काम आहे, यावर भर दिला. आमच्या मते दोन्ही बाजूंना आपापले स्थान आहे. गावाला पाणी हवे हे खरेच, पण त्याच गावात नवऱ्याच्या दारूपायी रात्र जागून काढणाऱ्या बाईला पाण्याची योजना पुरत नाही. तिच्यासमोर कोणी तरी बसावेच लागते.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. १९५५ साली मुंबईत न्यू मरीन लाइन्स येथे ‘कॉलेज ऑफ सोशल वर्क, निर्मला निकेतन’ स्थापन झाले. ते ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या धर्मभगिनींच्या संघाने काढले. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० साली, येशूसंघीय फादर द क्लोरिव्हिएर आणि मारी आदेलेद द सिसे यांच्या पुढाकाराने जन्मास आला. मठ बंद पाडले जात होते. धर्मभगिनींचा पोशाख करणे जिवावर बेतण्यासारखे होते. तेव्हा या स्त्रियांनी मठाच्या भिंतींवाचून आणि पोशाखावाचून समर्पित जीवन जगण्याचे ठरविले. संकट टळल्यावरही त्यांनी ती रीत सोडली नाही. म्हणूनच त्या महाविद्यालयात साध्या साडीत शिकविणाऱ्या बाई धर्मभगिनी आहेत हे पुष्कळ विद्यार्थ्यांना उशिरा उमजे. जे व्रत लोकांत मिसळून, लोकांसारखे राहून पाळावयाचे, त्याला समाजकार्याच्या शिक्षणाइतके अनुरूप दुसरे क्षेत्र सापडणे कठीण होते. निर्मला निकेतनचे दार सर्व धर्मांच्या मुलामुलींना खुले राहिले. नागपाड्याचा नियम येथे वेगळ्या वाटेने पोहोचला.

याच सुमारास इतरत्रही अशी विद्यालये निघाली : नागपुरात मातृसेवा संघाने १९५८ साली, पुण्यात महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९६३ साली. त्याआधी १९५१ मध्ये घटना समितीचे सदस्य राहिलेले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांनी सामाजिक अभ्यासाची एक संस्था पुण्यात सुरू केली. ती पुढे दिल्लीस गेली आणि इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी जो आदेश काढला, त्यात अध्यापनशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचे साहाय्य घेण्यास गुरुविद्यार्थ्यांना शिकवावे असे म्हटले आहे. वेदीवरील अभिषेक झाला म्हणून माणसाचे मन आपोआप वाचता येते असे धर्मपरिषदेने मानले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

समुपदेशनाचा इतिहास याला समांतर असला तरी त्याचा उगम निराळा आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव यात अग्रभागी येते. ते तारुण्यात न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षे शिकत होते व तेथून ते मानसशास्त्राकडे वळले. ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हा त्यांचा ग्रंथ १९४२ सालचा. समोरच्या माणसाला उपदेश करून नव्हे, तर त्याला समानुभूतीने ऐकून, विनाअट स्वीकारून आणि स्वतः प्रामाणिक राहून बदलास वाट मिळते, हे त्यांच्या विचाराचे सार. गंमत अशी, की मराठीत या विद्येला नाव पडले ते ‘समुपदेशन’. ज्या गोष्टीत उपदेश टाळावयाचा, तिच्या नावातच उपदेश बसला! मुंबईतील येशूसंघीय फादर फुस्टर यांच्या ‘पर्सनल काउन्सेलिंग’ या पुस्तकाने ही विद्या आपल्याकडील अनेक धर्मगुरू, धर्मभगिनी व शिक्षक यांच्यापर्यंत पोहोचविली.

येथे श्रद्धावंतांच्या मनातील एक शंका दूर करावीशी वाटते. पापनिवेदन असताना समुपदेशन कशाला, असे काही जण म्हणतात. उलट, समुपदेशन मिळाल्यावर पापनिवेदनाची गरज काय, असेही आता कानी येऊ लागले आहे. दोन्ही प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत बांधतात. पापनिवेदनात परमेश्वराची क्षमा मागावयाची असते आणि ती संस्काराने मिळते. तेथे ऐकलेला शब्द धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत बाहेर काढू शकत नाही. समुपदेशनात कोणी क्षमा देत नाही. दुःखाची उकल करण्यासाठी दोन माणसे तेथे ठराविक वेळी बसतात आणि गुप्ततेलाही कायद्याची सीमा असते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये ते कळविणे समुपदेशकावर बंधनकारक आहे. नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला पापनिवेदनास धाडून घरच्यांनी निश्चिंत होणे जितके घातक, तितकेच खऱ्या अपराधाच्या ओझ्याला नुसता मानसिक ताण म्हणून हसण्यावारी नेणेही चुकीचे. कोणाला कोणाकडे पाठवावे हे ओळखणे हाच या शिक्षणाचा एक मोठा धडा आहे.

राज्यकर्त्यांनीही हळूहळू या विद्येला जागा दिली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयातच समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. त्याच वर्षी टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या स्त्रीला तेथे गणवेश नसलेला, शिकलेला श्रोता मिळू लागला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पुनर्वसनापूर्वी गावोगावी पाहणी करावयास याच संस्थेची माणसे हिंडली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार समाजसेवकाची व्याख्या करून त्याच्या शिक्षणाची अट घातली, तर २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशक व वैद्यकीय समाजसेवक यांना आपल्या अनुसूचीत स्थान दिले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर आता कायद्यानेही दिले आहे म्हणावयाचे.

या व्यवसायात पगार बेताचा असतो, हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही. परकीय किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत नोकरी अनुदान संपले की संपते. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकून माणूस शिणतो, क्वचित कोरडाही होतो. याउलट रुग्णालये, शाळा, न्यायालये, कारखाने, बालगृहे, व्यसनमुक्ती केंद्रे या सर्व ठिकाणी शिकलेल्या माणसांची गरज आहे आणि मराठी नीट बोलणारे, गावाकडची कुटुंबे आतून ओळखणारे समुपदेशक शोधूनही सापडत नाहीत.

ज्या पालकांचे मन या बाजूस वळत असेल, त्यांनी प्रवेशापूर्वी विद्यालयात जाऊन दोन गोष्टींची चौकशी करावी असे आम्ही सुचवितो. आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात किंवा शाळेत कामास जातात काय? आणि त्या दिवशी काय पाहिले, समोरची व्यक्ती काय बोलली, त्यावर आपण काय बोललो, याची जी वही विद्यार्थ्याने लिहावयाची असते, ती दर आठवड्यास कोणी अनुभवी शिक्षक त्याच्यासमोर बसून वाचतो काय? काही महिन्यांत प्रमाणपत्र हाती देणारे वर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकावर छायाचित्रे सुंदर असतात, पण या वहीचा उल्लेख बहुधा नसतो. तेथे फी भरण्याची घाई करू नये.